जंगल कापणाऱ्या इंजिनांवर एवढा जीव का?

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला, लाकूडतोडीच्या जुन्या डोंगरी रेल्वेत बसायला, मी सारखा का जातो, डोंगर बोडके करणाऱ्या वाफेच्या इंजिनांचं मला एवढं काय कौतुक, असं आपली मंडळी भेटतील तेव्हा विचारतात. विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो.

माझा जीव आहे तो शे इंजिनावर. मिशिगनमध्ये लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या इफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सिलिंडर उभे आणि सगळे उजव्या अंगाला, म्हणून तोल सांभाळायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. चाकांच्या बाहेरून एक लांब दांडा फिरतो आणि दातेरी चक्रांमधून एकूण एक चाकाला जोर देतो. माथेरानच्या गाडीला २० फुटांमागे १ फूट चढ. कॅसला तो ९ फुटांमागे १ फुटापर्यंत जातो. १९०५ साली बनलेलं पाच नंबरचं इंजिन अजून याच डोंगरावर आहे. त्याचा भरभर पडणारा ठोका ऐकून गाडी सुसाट निघाली असं वाटतं, पण ती रांगत असते. तो ठोका मला फार आवडतो.

चंद्रपूरहून ताई आली तेव्हा तिलाही हौसेनं घेऊन गेलो. आमचे बाबा आलापल्लीला सागवानाच्या डेपोत होते. बसायचे डबे ओंडके वाहायच्या जुन्या वाघिणींवरच बांधलेत, हे मी सांगितलं आणि ती गप्प झाली. व्हिटेकरच्या थांब्यावर उतरली ती इंजिनाकडे पाठ करूनच उभी राहिली. मी म्हटलं, “ताई, बघ तरी, जंगल परत आलंय!”

“परत आलंय ते यांनी हात काढल्यावर. बाबा ओंडक्यांवर हातोड्यानं शिक्का मारायचे, तेव्हा तू टाळ्या वाजवायचास का?”

मी चिडलो. तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं: इंजिनाचा काय दोष? लाकूड हवं होतं कागदाच्या कारखान्याला. आज हे उत्तर मला पटत नाही. साधं इंजिन जिथे चढलंच नसतं, त्या उतारांवरचे स्प्रूस, म्हणजे तिथले सूचिपर्णी वृक्ष, अडचणीमुळे वाचलेले होते. ती अडचण शेनं संपवली. त्यासाठीच ते बनलं. मागे पडलेल्या फांद्यांना इंजिनांच्या ठिणग्यांनी आगी लागत, काही ठिकाणी खडकापर्यंत माती जळून गेली. हे सगळं मला माहीत आहे. पण मग १९६० ला कॅसची लाकूड कापायची गिरणी बंद पडली तेव्हा ही इंजिनं भंगारात जायला हवी होती का? नाही, मुळीच नाही!

ताई म्हणते, जा, पण हौसेनं जाऊ नकोस. मी हौसेनंच जातो. तिला काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.