कोबीच्या कळ्या आणि अर्धे लिंबू

"रविवारी संध्याकाळी स्प्राउट्सचा पिझ्झा करणार आहे," असे मी शुक्रवारी रात्री घरात जाहीर केले आणि शनिवारी सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावरच्या पातेल्यात पाव किलो मटकी भिजत घातलेली दिसली. पत्नीचा यात काहीच दोष नव्हता. मराठी घर पुण्यातले असो की आमच्यासारखे इंदूरच्या लोकमान्य नगरातले, त्यात स्प्राउट्स म्हणजे मोड आलेले कडधान्य, आणि थंडीत मोड यायला वेळ लागतो म्हणून तिने आदल्या दिवशीच तयारी करून ठेवली होती. मी फ्रिजमधून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये बंद असलेले, मोठ्या सुपारीएवढे हिरवे गोळे काढून दाखवले. तिने त्यातला एक हातात घेऊन फिरवला, नखाने वरचे पान सोलले आणि म्हणाली, "अहो, ही तर कोबीची पिल्ले आहेत."

पिल्ले म्हणणे बरोबर नसले, तरी नाते तिने अचूक ओळखले होते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि हे ब्रसेल्स स्प्राउट्स या साऱ्यांचे शास्त्रीय नाव एकच आहे, ब्रासिका ओलेरेसिया. एकाच रानटी रोपातून माणसाने शतकानुशतके निवड करत, कुणी रोपाचा हा भाग तर कुणी तो भाग वाढवत या भाज्या घडवल्या. शेंड्याची कळी मोठी केली तो कोबी, खोड फुगवले तो नवलकोल, न उमललेला फुलोरा गच्च केला तो फ्लॉवर. आणि दांड्यावर प्रत्येक पानाच्या बेचक्यात जी कळी असते ती वाढवली, तेव्हा हे ब्रसेल्स स्प्राउट्स झाले. कमरेएवढ्या उंच दांड्याला खालपासून वरपर्यंत हे गोळे नागमोडी लगडलेले असतात. ब्रसेल्सच्या परिसरात त्यांची लागवड फार पूर्वीपासून होत आल्यामुळे त्या शहराचे नाव त्यांना चिकटले. इंग्रजीतल्या 'स्प्राउट'चा अर्थ येथे कोंब असा आहे, आणि कोंब व मोड हे मराठीतही शेजारीच राहतात. तेव्हा मटकी भिजत घालण्याची चूक भाषेच्या बाजूने पाहिली तर फार मोठी नव्हती.

आपल्याकडे ही भाजी निलगिरीच्या आणि हिमाचलच्या थंड हवेत होते. मालव्याच्या रात्रींचा लौकिक जुना आहे, 'शब-ए-मालवा' म्हणून लोक त्यांची आठवण काढतात. पण माणसाला सुखावणारी ही रात्र त्या रोपाच्या गरजेला पुरत नाही. त्याला महिनोन्‌महिने थंडी हवी असते आणि हिमतुषार पडले तर स्प्राउट अधिक गोड होतो. म्हणून इंदूरच्या मंडईत तो ढिगाने दिसत नाही. मला तो परदेशी भाज्या ठेवणाऱ्या एका लहान दुकानात, ब्रोकोली आणि लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्यांच्या मागे सापडला. "बाबूजी, छोटी पत्तागोभी है, चाइनीज़ में डलती है," असे दुकानदाराने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. किंमत मी घरी सांगितली नाही.

या भाजीची जगभर जी बदनामी झाली आहे, तिचे कारण तिच्या कडवटपणात जेवढे आहे तेवढेच ती उकडून उकडून गाळ करण्याच्या पद्धतीत आहे. जास्त शिजवली की गंधकाचा वास सुटतो. आपला कोबीही कुकरमध्ये विसरला तर हेच करतो. मात्र तिच्या चवीचे मूळ समजून घेण्यासाठी मराठी माणसाला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, लोणच्यासाठी मोहरी फेसताना जवळ उभे राहिले तरी पुरे. सिनिग्रिन नावाचा जो पदार्थ मोहरीत असतो, तोच या गोळ्यांतही असतो. मोहरी चिरडली किंवा स्प्राउट चिरला, की पेशींमध्ये वेगळे ठेवलेले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पदार्थाला भेटते आणि नाकात झणका जाईल असे तिखट द्रव्य तयार होते. मोहरीत आपण त्या झणक्याचे कौतुक करतो आणि स्प्राउटमध्ये त्याच्या नावाने नाक मुरडतो, हा निव्वळ सवयीचा पक्षपात आहे. कडकडीत आचेवर हे विकर लवकर निकामी होते, कडा खरपूस होतात आणि आतली साखर पुढे येते. म्हणूनच उकडलेला स्प्राउट आणि भाजलेला स्प्राउट हे एकाच घरातले दोन अगदी निराळ्या स्वभावाचे भाऊ वाटतात.

आता पिझ्झ्याविषयी. टोमॅटोशिवाय पिझ्झा म्हटले की आमच्याकडे भुवया उंचावतात, पण टोमॅटो अमेरिकेतून युरोपात पोहोचला तोच सोळाव्या शतकात, आणि चपटी भाकर भाजून तिच्यावर काहीतरी पसरण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. इटलीत बिनटोमॅटोचे पांढरे पिझ्झे आजही सर्रास होतात. मी पीठ मळतो ते साधेच: ३०० ग्रॅम मैदा, १९० मिलीलिटर पाणी, ६ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम कोरडे यीस्ट आणि चमचाभर तेल. रात्रभर ते फ्रिजमध्ये हळूहळू आंबते. सकाळी डब्याचे झाकण उघडले की जिलेबीच्या आंबलेल्या पिठाची आठवण व्हावी असा किंचित आंबूस वास येतो. एवढ्यात दोन पिझ्झे होतात, आमच्या दोघांना एक पुरतो आणि दुसरा शेजारी जातो.

भाजण्याच्या बाबतीत मात्र मी आधी हौसेने फसलो. आमच्याकडे बाफले, म्हणजे आधी उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, करण्यासाठी गॅसवर ठेवायचा अ‍ॅल्युमिनियमचा तंदूर आहे, इंदुरात तो घरोघरी असतो. होळकरांबरोबर आणि त्यांच्यानंतरही जी मराठी घरे या गावात आली, त्यांनी पुरणपोळी सोडली नाही, पण रविवारी दाल-बाफलेही आपले मानले. त्यांचा तंदूर पिझ्झ्याला का चालू नये, असा माझा युक्तिवाद होता. पिझ्झा खालून कुरकुरीत झाला, वरून पांढराफटक राहिला, आणि स्प्राउट्स तर आत घातले तसेच बाहेर आले. त्या तंदुराची आच खालून येते, आणि बाफल्याला ते चालते, कारण बाफला उलटता येतो. पिझ्झा उलटता येत नाही, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवाने कळली. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत चारशे अंशांहून अधिक तापमानाला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो, तर आमचे विजेचे ओव्हन २५० अंशांवर हात टेकते. त्यावर तोडगा म्हणून आता मी लोखंडी तवा ओव्हनमध्ये उपडा ठेवून चाळीस मिनिटे तापवतो आणि पिझ्झा थेट त्याच्यावर सरकवतो. लोखंडाने साठवलेली उष्णता तळाला एकदम मिळते, वरच्या सळया वरून भाजतात आणि आठ-दहा मिनिटांत काम होते.

सॉसच्या जागी मी घट्ट साय, ठेचलेली लसूण आणि भरडलेले मिरे एकत्र करून पातळ थर देतो. साय जाड लागली तर पोळी ओली राहते. वर मोझरेला. इटलीतला नावाजलेला मोझरेला म्हशीच्या दुधाचा असतो, तेव्हा त्या बाबतीत आपण अगदीच परके नाही. स्प्राउट्सचे बूड कापून बाहेरची पाने सुटी करायची, कारण ती कुरकुरीत होतात, आणि मधला गाभा सुरीने बारीक चिरायचा. पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून अगदी कोरडी करणे मी कधीही टाळत नाही; पाणी राहिले की वाफ होते आणि ती पुन्हा उकडलेल्या कोबीच्या मार्गाला लागतात. मग तेल आणि मीठ चोळायचे. मीठ येथे फक्त खारटपणासाठी नसते, ते जिभेवरचा कडवटपणा दाबते; कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळणारी प्रत्येक गृहिणी हे जाणते.

इतके सगळे जमल्यावर लिंबू हा किरकोळ भाग वाटेल, पण माझे सर्वांत जास्त रविवार त्याच्यावर गेले. टोमॅटो काढून टाकला की पिझ्झ्यातला आंबटपणा जातो, आणि साय, चीज, मैदा या तिघांच्या मऊ, सुखवस्तू चवीत तो कडवट स्प्राउट एकटा पडतो. त्याला सोबत हवी. मी वाचलेल्या कृतीत लिंबाच्या पातळ चकत्या पिझ्झ्यावर ठेवून भाजा, असे म्हटले होते. ते लिंबू मोठे, पिवळे, जाड सालीचे असते. आपले कागदी लिंबू लहान, रसाळ, बियांनी भरलेले आणि नावाप्रमाणे कागदासारख्या सालीचे. त्याच्या चकत्या भाजून काळ्या नाण्यांसारख्या झाल्या, निसटून राहिलेल्या बियांचा कडवटपणा त्यात मिसळला आणि पहिलाच घास घेऊन पत्नीने पाण्याचा पेला ओढला. पुढच्या रविवारी मी हुशारी करून रस सायीतच कालवला. साय ओव्हनच्या उष्णतेने फाटली आणि पिझ्झ्यावर पनीरचे दाणे तयार झाले. ते चवीला वाईट नव्हते, पण लिंबाची जी ताजी चाहूल हवी होती, ती कुठेच नव्हती.

याचे कारण नंतर लक्षात आले. लिंबाचा आंबटपणा रसात असतो आणि तो आचेने उडून जात नाही. सुगंध मुख्यतः सालीतल्या तेलात असतो आणि तो आचेने सहज उडतो. म्हणजे एका फळात दोन वेगळे मसाले आहेत आणि त्यांच्या वापराच्या वेळाही वेगळ्या. आता मी साल अगदी बारीक खिसणीवर, पांढरा भाग लागू न देता, दोनच फिरकीत खिसून सायीत घालतो, कारण साली‌तले तेल स्निग्ध पदार्थात विरघळते आणि थोडेफार टिकून राहते. रस मात्र पिझ्झा ओव्हनमधून बाहेर आल्यावर, फोडी कापून झाल्यावर आणि ताटात वाढल्यावर पिळायचा. गरम चीजवर थेंब पडतात तेव्हा क्षणभर जो वास उठतो, तो इंदूरच्या माणसाच्या ओळखीचा असतो. सकाळी वाफेवरचे पोहे पानावर घेतल्यावर, किंवा थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेला गराडू नावाचा कंद हातात घेतल्यावर तोच वास येतो. तिथेही लिंबू कढईत कधी पडत नाही, ते शेवटी आणि खाणाऱ्याच्या समोर पिळले जाते. रोज पोहे खाणाऱ्याला हे सुचायला तीन रविवार का लागावेत, याचे उत्तर माझ्याकडे नाही. छापील कृती समोर असली की माणूस आपलेच ताट विसरतो, एवढेच म्हणता येईल.

गराडूचे नाव निघाले की जिरावण, म्हणजे वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, मागे येतेच. शेजारचे काका त्यांच्या वाट्याचा पिझ्झा घ्यायला आले, त्यांनी उभ्याउभ्याच एक फोड खाल्ली, "छान आहे" असे म्हणाले, आणि त्या 'छान'मधली उणीव लगेच ओळखून पत्नीने जिरावणाची डबी पुढे केली. मी विरोध केला. इंदुरात जिरावणाला विरोध करणे शहाणपणाचे नसते, पण माझा मुद्दा चवीचा होता. जिरावणात आमचूर असतो, म्हणजे लिंबाच्या जागेवर दुसरा आंबटपणा येऊन बसतो. त्यात काळे मीठ असते, त्याचा वास मुळातच गंधकाचा, आणि ज्या वासापासून वाचण्यासाठी मी पाने फडक्यावर पुसत बसलो होतो तोच वरून भुरभुरायचा, हे मला पटेना. शिवाय जिरावण पडले की कोणत्याही पदार्थाचे पोहे होतात, असे माझे जुने मत आहे. काकांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, जिरावण टाकले, त्यावर थोडी शेवही टाकली, आणि उरलेली फोड संपवून "आता जमला" असा निर्वाळा दिला. मी नंतर, कोणी पाहत नसताना, एक तुकडा तसा खाऊन पाहिला. तो वाईट नव्हता. स्प्राउट मात्र त्यात कुठे हरवला ते मला सापडले नाही.

त्या पहिल्या शनिवारच्या मटकीला सोमवारी चांगले बोटभर मोड आले आणि तिची उसळ झाली. पिझ्झ्यासाठी कापलेले दुसरे अर्धे लिंबू तिच्यावर पिळले गेले. तेव्हापासून शुक्रवारी रात्री मी रविवारचा बेत जाहीर केला, की पत्नी हातातले काम न थांबवता विचारते, "मोडाचे की बिनमोडाचे?"