माहेरचे कागद

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आमच्या मुंबई मंडळाची सभा परळच्या हॉलमध्ये भरते. विषय ठरलेला: आरक्षण कुठलं पडलं आणि उभं कुणाला करायचं. त्यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. जिचं नाव अखेर ठरतं, तिचे कागद तयार आहेत का, हे मात्र मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. आपल्या राखीव जागा तिथेच हातच्या जातात, असं माझं ठाम मत आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, ग्रामपंचायत सात सदस्यांची. बौद्धवाडीच्या प्रभागातली जागा अनुसूचित जाती महिलेसाठी सुटली, तेव्हा वाडीने माझ्या धाकट्या जावेचं नाव पुढे केलं. ती बचत गटाचे हिशेब ठेवते. वाडीत नळ आला तोही तिने ग्रामसभेत उभं राहून विषय लावून धरला म्हणून. सरपंचपती वगैरे टोमणे तिच्या बाबतीत कुणी मारूच शकणार नाही.

पण राखीव जागेला नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पडताळणीला अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडायचं. ही मुदत पूर्वी 6 महिने होती, पुढे 12 झाली. ती हुकली की निवड रद्द, तीही मागच्या तारखेपासून. लोकांनी किती मतं दिली याला मग काही अर्थ राहत नाही.

आणि लग्न झालेल्या बाईची जात धरतात वडिलांकडून. सासरचं कपाट कागदांनी भरलेलं असलं तरी तिच्या उपयोगाचं नाही. माझी जाऊ जन्मली नायगावच्या बीडीडी चाळीत, वडील गिरणी कामगार, त्यांचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांपर्यंत जाणं आलं. वडील शिकले ती महापालिकेची शाळा केव्हाच बंद पडली, तिचं दप्तर दुसऱ्या शाळेत गेलेलं. मी मुंबईत, शिवाय निवृत्त, म्हणून ते शोधायचं काम मी घेतलं. जनरल रजिस्टरचा उतारा निघाला, त्यात जात ‘बौद्ध’. वडिलांचं नाव शाळेत घातलं ते 1956च्या धर्मांतरानंतर. आजोबांचा उतारा गुहागरकडच्या मराठी शाळेतून भावाने आणला. त्यात आडनाव नाहीच, त्या जागी जातच लिहिलेली. आजचं आडनाव घराण्याने नंतर गावावरून घेतलं. मग हे दोघे बापलेकच आहेत यासाठी वंशावळ, प्रतिज्ञापत्र, पुन्हा फेऱ्या.

आजोबांच्या नावापुढचा तो शब्द वाचून मला संताप आला. माणसाला आडनावसुद्धा लिहू न देणारी ती नोंदच आज त्यांच्या नातीचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली.

जावेला प्रमाणपत्र वेळेत मिळालं. शेजारच्या गावातल्या एका बाईला नाही मिळालं. निवडून येऊन, काम सुरू करून तिला घरी बसावं लागलं. तिचं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, वडील वारलेले, भावांना सवड नव्हती. इतकंच कारण.

73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि अनुसूचित जाती, जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्या वाट्याच्या जागांतही निम्म्या महिलांना जातात. म्हणजे ही माहेरची कागदशोध मोहीम गावोगावच्या सुनांना करावी लागते, आणि ती सुरू होते सोडतीची चिठ्ठी निघाल्यावर, हातात थोडे दिवस असताना. कोकणात आमची लोकसंख्या कमी, त्यामुळे चक्राकार पद्धतीत सरपंचपद आमच्याकडे यायला फार वर्षं लागतात. तो फेरा कागदावाचून गेला तर आज चाळिशीत असलेल्या बाईला तो बहुधा पुन्हा दिसणार नाही. 2021च्या जानेवारीत 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक झाली तेव्हा सरपंचपदाची सोडत मतदानानंतर काढली होती. ज्या प्रवर्गाला पद सुटलं त्याचा सदस्यच निवडून आलेला नाही, अशी काही गावं त्या वेळी अडकली.

म्हणून मंडळाच्या पुढच्या सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे. उमेदवार वाडीतल्या बायका ठरवतील, आपण त्यात पडू नये. मंडळाने वाडीतल्या प्रत्येक सुनेची आणि लग्नाच्या मुलीची वंशावळ आत्ताच लिहून घ्यावी. परळ, नायगाव, वरळीच्या शाळांतले जुने उतारे आपल्या पोरांनी काढावेत, प्रवासखर्च मंडळाच्या वर्गणीतून द्यावा. ज्यांच्या भावाला किंवा काकाला वैधता मिळालेली आहे त्यांनी तिची प्रत बहिणीला, पुतणीला द्यावी. रक्ताच्या नात्यातली वैधता असली की पडताळणी पुष्कळ सोपी होते. ती प्रत द्यायला काही घरांत नकार मिळतो, ‘आता ती दुसऱ्या घरची’ म्हणून. त्या घरांत मी स्वतः जाऊन बसणार आहे.