शार्कने चावलेली सुरमई

आमची सुरमई वजनकाट्यापर्यंत पोचली, पण स्पर्धेत धरली गेली नाही. शेपटीच्या जरा वर शार्कने लचका तोडला होता. वजन करणाऱ्या गृहस्थांनी ती उलटीपालटी केली, जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. तरी आमच्या समाधानासाठी त्यांनी ती काट्याला टांगली. लचका जाऊनसुद्धा ती तिसऱ्या नंबरच्या माशापेक्षा जड भरली. हे वजन कळलंच नसतं तर रात्री झोप तरी लागली असती!

हे घडलं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केप लुकआउटच्या बाहेरच्या समुद्रात. इथला किंग मॅकरल आपल्या सुरमईचा भाऊबंदच, त्यामुळे मी त्याला सुरमईच म्हणतो. मी मालवणचा, नोकरीला इथल्या राले शहरात. बोट ऑफिसातल्या मित्राची. पहाटे पाग टाकून मेनहेडन धरायचे (तारलीच्या नात्यातला मासा), ते जिवंत गळाला लावायचे आणि बोट अगदी सावकाश चालवायची, असा सगळा बेत.

परतीच्या तीन तासांत गाडीत कुणी बोललं नाही. पुढचे काही दिवस भेटेल तो सांत्वन करत होता. ‘नशीब’, ‘पुढच्या वर्षी बघू’, ‘मजा तर आली ना?’ या शेवटच्या प्रश्नावर तर डोकंच फिरायचं. शिवाय 2023च्या जूनमध्ये मोरहेड सिटीच्या बिग रॉक स्पर्धेत ‘सेन्सेशन’ बोटीचा 619.4 पौंडांचा ब्लू मार्लिन मासा याच कारणावरून बाद झाला होता आणि बक्षिसाचे लाखो डॉलर गेले होते. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी नियमाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. ते ऐकलेल्यांनी आता मला बरं सोडलं असतं!

या त्रासावर उतारा मिळाला, तो नियम पुन्हा शांतपणे वाचताना. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांत शार्कने, दुसऱ्या माशाने किंवा प्रोपेलरने मांस फाडलेला मासा विक्रमासाठी चालत नाही, आणि बऱ्याच स्पर्धा हेच धरून चालतात. जखमी, रक्त गेलेला मासा आधीच थकलेला असतो. तो दमला तो आपल्यामुळे की शार्कमुळे, हे कोण सांगणार? हे मला आजही पटतं. पटलं म्हणून हळहळ गेली नाही, पण वजन करणाऱ्यांवरचा राग मात्र गेला, आणि खरा त्रास त्या रागाचाच होता.

मग आम्ही मुद्द्याच्या भांडणावर आलो: ड्रॅग, म्हणजे रीलवरून दोरी किती सहज सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक. सुरमई आमिषावर झेप घेते तेव्हा गळ बहुधा तोंडाच्या कडेला किंवा बाहेरच्या कातडीत जेमतेम अडकतो. रील घट्ट ठेवली तर पहिल्याच धावेत कातडी फाटून मासा जातो. म्हणून ड्रॅग हलका ठेवायचा, तिला हवी तेवढी दोरी घेऊन पळू द्यायचं. पण जितका वेळ ती पाण्यात, तितका वेळ शार्कला. आमची पहिली धाव संपवून थकत आली होती. मग एकदम अशी सुसाट सुटली की मी खूश झालो. मागे कोण लागलंय ते बोटीजवळ आल्यावर दिसलं.

मित्र म्हणतो, ड्रॅग आवळ, जाईल तर जाईल. मी म्हणतो, गेलेल्या माशाला काट्यावर कोण टांगणार?

मासा वाया गेला नाही. इथली अन्न आणि औषध संस्था, एफडीए, पाऱ्यामुळे गरोदर बायका आणि मुलांना किंग मॅकरल देऊ नका असं सांगते, म्हणून मुलीला बांगड्यावर समजावलं. आम्ही दोघांनी एकेक तुकडी रवा लावून तळून खाल्ली. बाकीच्याला मित्राने धुरी देऊन डिप केलं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. स्पर्धा, नियम, बक्षीस, सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “मगे उरललो तरी गावलो मां?” मी हो म्हटलं. मग त्यांनी तळली की कालवण केलं, ते विचारलं.

पुढच्या मोसमाची फी भरून झाली आहे. ड्रॅग जरा आवळायचा असं तूर्त ठरलंय. बोट त्याची, तेव्हा शब्दही त्याचा; मला अजून पटलेलं नाही.