शाळेत तर ती छान असते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "शाळेत तर किती व्यवस्थित असते, मग हिला ऑटिझम कसा?" पालकसभेत, हळदीकुंकवाला, अगदी लिफ्टमध्येही माझ्या लेकीबद्दल मला हे विचारतात.

व्यवस्थित असते, खरंय. पण त्यासाठी ती दिवसभर राबत असते. डब्याच्या सुट्टीत मैत्रिणी हसल्या की क्षणभर थांबून तीही हसते. विनोद कळलेला नसतो. कधी हसायचं ते शेजारणीकडे बघून शिकलीय. डोळ्यांत बघवत नाही म्हणून समोरच्याच्या भुवयांच्या मधे बघते. गॅदरिंगच्या तालमीत स्पीकरचा आवाज सोसत नाही, तरी कानांवर हात ठेवत नाही, कारण बाकी कुणी ठेवत नाही. याला मास्किंग म्हणतात.

घरी आल्यावर दप्तर दारातच पडतं. मग तासभर एक शब्द नाही. त्या वेळी कुकरची शिट्टी झाली तरी तिला रडू फुटतं, म्हणून भात मी ती यायच्या आधीच लावून ठेवते. लोक म्हणतात, आईपुढे लाड करते. लाड नाहीत हो ते! दिवसभर दाबून धरलेलं असतं, ते घरी बाहेर पडतं.

१९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या अकरा ऑटिस्टिक मुलांबद्दल लिहिलं, त्यांत मुली तीनच होत्या. पुढच्या वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी वर्णन केलेले चौघेही मुलगे. ऑटिझम ओळखायच्या खुणा अशा मुलग्यांवरून ठरत गेल्या. त्यात आपल्याकडे मुलगा कोपऱ्यात बसला तर डॉक्टरकडे नेतात, मुलगी बसली तर 'गुणाची पोर' म्हणतात. याचा मला फार राग येतो.

"चारचौघांत मिसळायला शिकवा" हा सल्ला तर रोजचा. शिकलीय ती, गरजेपेक्षा जास्तच. मोठ्या ऑटिस्टिक माणसांच्या अभ्यासांत अशा मास्किंगचा संबंध चिंता, नैराश्य, आत्महत्येच्या विचारांशीही दिसलाय. ते वाचल्यावर मी वर्गशिक्षिकेला भेटले आणि लेकीला सुट्टीत ग्रंथालयात बसू द्या म्हणाले. "एकटी नाही का पडणार?" बाईंनी विचारलं. म्हटलं, तिलाच विचारा.

तिनं सरळ सांगितलं, "सोमवारी आणि गुरुवारी मैत्रिणींबरोबर. बाकीचे दिवस ग्रंथालयात."