तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला गाणं कधी शिकवणार?

"मास्तर, पाच महिने झाले. पोरगं अजून ट्रम्पेटवर नुसतं भों भों करतंय. गाणं कधी?"

दर रविवारी कुणीतरी हे विचारतंच. कधी आई, कधी काका. परवा तर क्लासच्या जिन्याखाली भाजी विकणाऱ्या मावशींनीही विचारलं. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो जास्त लागतो : "तुम्ही तर वरातीत गाणी वाजवूनच शिकलात ना?"

हो, तसाच शिकलो. आजवर मान हलवून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगतो.

ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात, म्हणून लोकांना वाटतं सूर बोटांनी निघतात. तसं नाही. एकही पिस्टन न दाबता त्याच नळीतून सा निघतो, प निघतो, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प निघतो. आमच्या वाद्याचा सा काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा. मधल्या पिस्टनने सूर एक पट्टी उतरतो, पहिल्याने दोन, तिसऱ्याने तीन. बोटांचं काम एवढंच. बाकी सगळं ओठ आणि हवा. पेटीवर योग्य पट्टी दाबली की योग्य सूर येतो; इथे बोट अगदी बरोबर असलं तरी भलताच सूर येऊ शकतो.

वर चढायचं तर ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, जिभेची पाठ 'आ'वरून 'ई'कडे उचलायची आणि हवा जोरात सोडायची. हे अंगात मुरायला महिने लागतात. पोराच्या हाती आधी गाणं दिलं की ते वरच्या सुरासाठी सोपी वाट शोधतं : माउथपीस, म्हणजे वाद्याचं तोंडाला लावायचं टोक, ओठावर दाबायचा. वाईट हे की दाबल्यावर सूर लागतो. गाणं होतं, घरचे टाळ्या वाजवतात. पण दाबलेल्या ओठात रक्त फिरत नाही, तो बधिर होतो, त्याची थरथर मरते. मग आणखी दाबायचं. सूर पत्र्यासारखा होतो आणि पोराला ते कळतही नाही, कारण त्याच्या कानात गाणं असतं.

मला कळलं नव्हतं.

२००६ सालचा मे महिना. मी चोवीस वर्षांचा. त्या दिवशीची ती तिसरी सुपारी होती. सकाळी तासगाव, दुपारी मिरज, रात्री सांगलीत गावभागातून वरात. दुपारपासूनच वरचा ओठ सुजलेला होता. मारुती चौकाच्या अलीकडे नवरदेवाचे मित्र रंगात आले, दहा-दहाच्या नोटा ओवाळू लागले आणि एकच कडवं पुन्हा पुन्हा मागू लागले. त्यात तारसप्तकातला प होता, लांबवून धरायचा. उजवी करंगळी हुकात अडकवून मी अख्खं वाद्य तोंडाकडे ओढत होतो. चौथ्या वेळी ओठात आतून काहीतरी उसवलं. दुखलं नाही. फक्त सूर गेला आणि नुसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी.

माउथपीस खाली घेतला. कडेवर रक्त होतं. डोक्यावर दिवे घेतलेली बाई शेजारून चालली होती, त्या उजेडात ते काळं दिसलं. ती बघून म्हणाली, "आरं, तोंड फुटलं की तुझं." आमच्या बँडच्या मास्तरांनी मागे वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "फुंक. घर आलं नाही अजून."

मी चूळ भरली आणि फुंकलं. चाळीसेक मिनिटं, खालचे चार-पाच सूर. वरचं सगळं क्लॅरनेटने ओढून नेलं.

मास्तरांना मी दोष देत नाही. अकरा माणसांची मजुरी त्यांच्या शब्दावर होती. असं मी वीस वर्षं म्हणतोय. पण रात्री कधी ते "फुंक" आठवतं आणि राग येतो, हेही खरं.

आणि पुढचं तर माझंच. डॉक्टरांनी सहा आठवडे फुंकू नका म्हणून सांगितलं होतं. मी तिसऱ्या आठवड्यात फुंकलं, कारण लग्नांची शेवटची दाट तारीख होती. जखम पुन्हा उघडली, ओठात घट्ट गाठ बसली. त्या वर्षीच्या गणपतीत माझ्या जागी दुसरा उभा होता. अमेरिकेतला नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याचेही ओठ असेच वारंवार फाटायचे. ट्रम्पेटवाल्यांच्या ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटतो, त्या दुखण्याला १९८२ साली एका डॉक्टरने आर्मस्ट्राँगच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम हे नाव दिलं. माझं तेवढं झालं नाही. पण हे वाचलं तेव्हा माझा हात आपोआप ओठाकडे गेला.

मिरजेत एक आजोबा होते, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी माझं वाद्य कपाटात ठेवून दिलं. आधी कागदाचा चिटोरा भिंतीला नुसत्या फुंकरीने धरून ठेवायचा. मग नुसता माउथपीस, तोही दोन बोटांत, म्हणजे दाबता येत नाही. मग वाद्य, पण फक्त खालचा सा, आठ मात्रा. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ ओठाला विश्रांती. पहाटे कृष्णेच्या घाटावर मी पाच महिने तेवढंच केलं. तुमचे पाच महिने मला माहीत आहेत. त्यानंतर एका सकाळी तो सा आयर्विन पुलाकडून भरलेला, गोल परत आला. आठ वर्षं बँडात काढून माझा स्वतःचा सूर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तरी तो चोवीस वर्षांचा मी अजून भांडतो. म्हणतो, लांब सुरांना सुपारी कोण देतं? गाण्यांवरच घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. त्या गाण्यांनीच तुला बँडात टिकवलं, नाहीतर तू आजोबांपर्यंत पोचला असतास का? याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी चार महिन्यांत सोडून गेली. कान फार चांगला होता तिचा. गणपतीत ती ढोलपथकात ताशा वाजवताना दिसली, खुशीत होती. तिला वेळेवर एक गाणं दिलं असतं तर?

म्हणून दिवाळीपासून मी शेवटची दहा मिनिटं गाण्याला देतो, खालच्या सुरांत बसेल असंच. गेल्या रविवारी सातवीतला एक मुलगा ते वाजवता वाजवता स्वतःच वरच्या सप्तकात गेला. सूर लागला. दारात उभ्या त्याच्या वडिलांचा चेहरा फुलला. त्याने वाद्य खाली घेतलं तेव्हा ओठावर माउथपीसचं गोल कडं उमटलेलं होतं, पांढरं, आणि ते जाता जात नव्हतं. मी त्याला ट्रम्पेट पेटीत ठेवायला सांगितलं. त्याने ठेवलं, पण माझ्याकडे न बघता गेला. या रविवारी येतो का बघायचं.