बाई, माझा पाय ३.३ आला!

मागच्या बाकावरून ही आरोळी आली, तेव्हा व्हरांड्यातून जाणारे शिपाईमामा दचकून आत डोकावले. त्यांना वाटलं, पोराचा पाय कशात तरी अडकला. गणितातल्या π या ग्रीक अक्षराचं नाव आणि आपला चालायचा पाय एकच निघाले, त्याला मी काय करणार?

घरून गोल काहीतरी आणा, असं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. वाट्या आल्या, पिठाच्या डब्याचं झाकण आलं, कॅरमचा स्ट्रायकर, आयांच्या बांगड्या, आणि एकाने तर सायकलचं अख्खं चाक काढून आणलं. दोरा गुंडाळायचा, सोडवून पट्टीवर ताणायचा, तो परीघ. मग आरपार व्यास मोजायचा आणि परिघाला व्यासाने भागायचं. येतो तो पाय, कुठल्याही वर्तुळात ३.१४च्या जवळपास. बस्स. स्ट्रायकर ३.१७ म्हणाला, झाकण ३.१२.

३.३वाल्याने सुतळी आणली होती. वाटी ६ सेंटीमीटरची, सुतळी चांगली ३ मिलिमीटर जाड. मी काही बोलले नाही. शेजारच्या मुलीचा शिवणाचा दोरा दिला आणि म्हटलं, पुन्हा कर. १८.९ भरलं, म्हणजे ३.१५. तो दोरा आणि सुतळी दोन हातांत धरून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाई, सुतळी वाटीला बाहेरून फिरली. तिला जास्त चालायला लागलं." इतक्या वर्षांत चुकीचं इतकं नेमकं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोघींच्या वहीत मात्र पाच वस्तू आणि पाचही उत्तरं ३.१४. दोरा पुडीतून बाहेरच आला नव्हता. व्यास मोजला, ३.१४ने गुणला, परिघाच्या रकान्यात लिहून टाकला! रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही तरी लहानपणी काय केलं? आमच्या पुस्तकातली वर्तुळं साताच्या पाढ्यातच जन्माला यायची. चाकाची त्रिज्या ३५, विहिरीची ७, बागेची २१. पाय म्हणून धरलेल्या बावीस सप्तमांशातला सात खट्‌कन कटला पाहिजे ना! सात न कटणारी विहीर कुणी खणलीच नसावी.

बांगड्यांवर तास रेंगाळला. कासाराकडे आपण 'दोन-चार' किंवा 'दोन-सहा' मागतो, त्यातले चार आणि सहा हे इंचाचे सोळावे भाग. म्हणजे दोन-चार बांगडी आतून सव्वादोन इंच व्यासाची. हे सांगितल्यावर एकीने अंगठा तळव्यात दुमडला, हाताच्या रुंद भागाभोवती दोरा फिरवला. १८ सेंटीमीटर. भागिले ३.१४, आले ५.७. त्याचे इंच केले तर सव्वादोन. "दोन-चार!" ती ओरडली, आणि शेजारणीची त्या मापाची बांगडी सर्रकन चढवून दाखवली. त्यानंतर वर्गातल्या सगळ्या मुलींचे हात मोजून झाले. दोन मुलांचेही.

शेवटी फळ्यावर आर्यभटाचा आकडा लिहिला. वयाच्या तेविसाव्या वर्षी, इ.स. ४९९मध्ये, त्याने सांगितलं की व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२. भागून बघा म्हटलं. ३.१४१६ आल्यावर वर्गात शांतता. मला आवडतो तो त्याने श्लोकात घातलेला शब्द : 'आसन्न', म्हणजे जवळचा. चार दशांश स्थळांपर्यंत पोचलेला माणूस 'जवळ आलोय' एवढंच म्हणतो, आणि आमच्या दोघी पाचपैकी पाच अचूक! भास्कराचार्यांनीही लीलावतीत ३९२७/१२५०ला सूक्ष्म म्हटलं आणि २२/७ला स्थूल, पण व्यवहारापुरतं चालेल असं. कासाराला पुरतंच की ते.

जगात पाय-दिवस १४ मार्चला करतात, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात, ३/१४. आपल्याकडे तारीख आधी, आणि मार्चमध्ये पोरांच्या डोक्यावर परीक्षा. मला २२ जुलै सोयीचा वाटतो, २२/७. शाळा नुकती रुळलेली, बाहेर पाऊस, मैदान बंद. पोरं आत बसून काहीही मोजायला तयार असतात. यंदा त्या दिवशी गूल काढलेल्या आगकाड्या टाकायच्या आहेत. कागदावर काडीच्या दुप्पट अंतराने रेघा आखायच्या, काड्या भिरकवायच्या, आणि एकूण काड्यांना रेघेवर पडलेल्या काड्यांनी भागायचं. तिथेही तीनच्या थोडं पुढचं उत्तर येतं. गोल काहीच नसताना हा पाय तिथे कसा पोचतो, हे पोरं विचारणारच. त्याची तयारी मला आतापासून करायला हवी.

सुतळीवाल्याने घरी जाऊन भाकरी मोजली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन दारातच उभा. परीघ ६६.५, व्यास २२, उत्तर ३.०२. "दोरा बारीकच होता, बाई. पण व्यास तीन ठिकाणी तीन आले, मी मोठा घेतला."

"मग? आजीला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, गार व्हायच्या आत खा."