छपराखाली काय उरलं?

कोल्हापुरात मशीन शॉपच्या मेंटेनन्समध्ये माझं आयुष्य गेलं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडलेल्या कारखान्यांचे हवाई फोटो दिसले की मला एकच प्रश्न पडतो, खालच्या मशिनी शाबूत असतील का?

श्वाइनफुर्टचेच फोटो घ्या. जर्मनीच्या बॉल बेअरिंगचा मोठा हिस्सा या एका छोट्या शहरात बनायचा. रणगाडा असो की विमान, बेअरिंगशिवाय काही फिरत नाही. म्हणून १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकी बॉम्बर तिथे गेले. ऑक्टोबरच्या एका दिवसात त्यांनी ६० विमानं गमावली, आणि एकेका विमानात दहा-दहा माणसं.

हल्ल्यानंतर टेहळणी विमानं फोटो काढून आणायची. इंग्लंडात मेडमनमला तज्ज्ञ मंडळी एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून बघत. तसं पाहिलं की उंची-खोली डोळ्यांपुढे उभी राहते. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. पण कितीही बारकाईने बघा, वरून दिसतं ते छप्परच.

आणि छप्पर ही तर कारखान्यातली सगळ्यात लेचीपेची गोष्ट. आमच्याकडे एकदा वळवाच्या वाऱ्याने शेडचे पत्रे उडाले, लेथच्या बेडवर काचांचा खच पडला. बघणारा म्हणाला असता, संपलं सगळं. आम्ही ताडपत्र्या बांधल्या, मोटारी सुकवल्या, स्लाइड रॉकेलने पुसून काढल्या आणि आठवड्याच्या आत शिफ्ट सुरू केली. ओतीव लोखंडाला पत्र्याचा मार काही करत नाही. भीती आगीची. श्वाइनफुर्टला ऑक्टोबरमध्ये मशिनींच्या तेलानेच पेट घेतला आणि नुकसान वाढलं.

तरीही युद्ध संपल्यावर अमेरिकेच्याच पाहणी पथकाने १९४५ मध्ये लिहिलं, की बेअरिंग कारखान्यांवरच्या हल्ल्यांचा अत्यावश्यक युद्धउत्पादनावर मोजण्याजोगा परिणाम झाल्याचा पुरावा नाही. इमारती कोसळल्या होत्या, पण बऱ्याच मशिनी वाचल्या होत्या आणि जर्मनांनी उत्पादन इतर गावांत विखरून टाकलं होतं.

२०२२ मध्ये रशियाच्या हल्ल्यात सापडलेल्या युक्रेनमधल्या मारियुपोल शहरातल्या अझोवस्ताल पोलाद कारखान्याचे उपग्रहातून घेतलेले फोटो आले, तेव्हा हे सगळं आठवलं. छपरांना भगदाडं, शेड काळ्या पडलेल्या. या वेळी प्रश्न मशिनींचा नव्हता. खाली तळघरांत युक्रेनचे सैनिक होते, कितीतरी दिवस सामान्य नागरिकही, मुलांसकट. आतले फोटो काढले द्मित्रो कोझात्स्की या तिथल्याच सैनिकाने, आणि मे महिन्यात शत्रूच्या ताब्यात जाण्याआधी ते सगळ्यांसाठी खुले केले. त्यातले जखमींचे फोटो बघायला अवघड आहेत. तरी बघा.